आजोळचे ताड

एप्रिल लागला की भाईंदर पश्चिमेला स्टेशनाबाहेर टोपल्या दिसू लागतात. ओल्या फडक्याखाली झाकलेले ताडगोळे, बाजूला कोयता, आणि टोपलीमागे बसलेली डोंगरीची नाहीतर गोराईची मावशी. आम्ही मामे-मावस भावंडं आता साठीच्या आसपासची. कोणी मीरा रोडला, कोणी वसईला, कोणी बोरिवलीला राहतं, एक बहीण आखातात नोकरी करून परतली ती नाशिकला स्थिरावली. पण यंदाचा पहिला ताडगोळा कोणी खाल्ला, ही बातमी अजूनही त्याच दिवशी सगळ्यांना कळते. आमच्या घरात आंब्याचं कौतुक होतंच. तरी मोसम म्हणायचा तो ताडगोळ्यांचा, कारण आंबा बाजारातून यायचा आणि ताडगोळा आमच्या झाडाचा असायचा.

आजोळ डोंगरीला. परीक्षा संपली की भाईंदरहून बस पकडायची. राई, मुर्धा, मोर्वा मागे पडायचे, रस्त्याच्या कडेने मिठागरं लागायची, मिठाचे पांढरे ढीग उन्हात डोळ्यांवर यायचे. मग चढण सुरू झाली की आकाशाच्या कडेला ताड दिसायचे. उत्तन, पाली, चौक, तारोडी, डोंगरी, पुढे गोराई आणि मनोरी, हा सगळा पट्टा खाडी आणि समुद्राच्या मधला, आणि इथल्या खाऱ्या वाऱ्यात ताड जितका सुखाने उभा राहतो तितकं दुसरं झाड राहत नाही. त्याची मुळं खोल जातात, उन्हाळाभर त्याला पाणी घालावं लागत नाही, वादळात तो सहसा पडत नाही. होडीवर जाणारी माणसं किनाऱ्याकडे परतताना ताडांच्या जोडीवरून आपला गाव ओळखायची, असं आजी सांगायची. पानांच्या टोकांना सुगरणींची घरटी लोंबत असत. एखादं वाऱ्याने खाली पडलं की ते कोणाचं यावरून आम्ही भांडायचो.

आजोळचं घर ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचं. आमचे लोक इथलेच, बोली मराठीच. १५३४ च्या तहाने वसईबरोबर हा साष्टीचा भाग पोर्तुगीजांकडे गेला आणि इथल्या शेतकरी, कोळी, भंडारी लोकांपैकी अनेकांचा धर्म बदलला, शेती आणि ताड तेच राहिले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई घेतली, त्या मोहिमेत चौकचा धारावी किल्लाही मराठ्यांकडे आला. त्या टेकडीवरून खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो. आम्ही पोरं तिथे ताडगोळे घेऊन जायचो आणि साली खाली भिरकावायचो. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव तर फार पुढचं, १८८७ सालचं, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा मुंबई-ठाण्याच्या आमच्या लोकांनी घेतलेलं. आजीला त्या नावाशी काही देणंघेणं नव्हतं. ती नऊवारी लुगडं नेसायची, चर्चमधून परतली की आधी अंगणातल्या ताडाकडे वर पाहायची आणि मग घरात शिरायची. घड किती भरलेत हे तिला खालूनच कळायचं.

ताडात नर आणि मादी वेगळे. फळ धरतं ते मादीला. नराला लांब बोटांसारखे तुरे येतात. ताडी मात्र दोन्ही झाडांची निघते. आणि इथेच दरवर्षी घरात खल चालायचा, कारण ज्या फुलोऱ्याची ताडी काढली त्याला फळ नाही. थोरल्या मामांना वाटायचं, दोन माद्या ताडीला द्याव्यात, लग्नसराईत ताडीला मागणी असते. आजीचं म्हणणं, पोरं सुट्टीला येणार, गोळे हवेत. शेवटी नर झाडं ताडीला जात आणि माद्या आमच्या वाट्याला येत. आम्हाला तेव्हा हे सगळं आपोआप होतं असं वाटायचं. आजीने आमच्यासाठी चार पैसे सोडले होते, हे कळायला आम्हाला स्वतःची नातवंडं यावी लागली.

ताडी काढायला एक भंडारी दादा यायचे. पायात दोरीचा वेढा, कमरेला कोयता आणि पाठीला मडकं. ताड साठ-सत्तर फूट सरळ उंच, मध्ये एकही फांदी नाही, आणि ते दिवसातून दोनदा चढायचे, सकाळी आणि तिन्हीसांजेला. फुलोऱ्याची दांडी हलक्या हाताने ठेचून, बांधून, टोकाशी पातळ काप घ्यायचा आणि खाली मडकं अडकवायचं. रस रात्रभर थेंब थेंब उतरतो. काप रोज ताजा घ्यावा लागतो, एक दिवस चुकला तर जखम सुकते आणि रस थांबतो. म्हणून दादांना ना ताप आलेला चालायचा, ना सण. नाताळच्या दिवशीही ते आधी झाडावर आणि मग जेवायला आमच्याकडे. आमच्या पिढीतल्या कोणालाही ती चढण जमली नाही, आणि त्यांच्या मुलांनीही ती शिकू नये असं त्यांनाच वाटायचं. एका हातावर आयुष्य टांगलेल्या माणसाला तसं वाटणारच.

रस उतरतो तेव्हा तो गोड असतो, दुधाळ झाक असलेला. मडक्याला आतून चुना लावला तर तो तसाच गोड राहतो, तीच नीरा. चुना नसेल तर हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट कामाला लागतं आणि सूर्य वर येईस्तोवर फेस धरतो. दुपारपर्यंत त्याची पुरती ताडी होते, सुमारे ४ ते ६ टक्के अल्कोहोल असलेली. दुसऱ्या दिवशी ती आंबट, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत शिरका. जगात जिथे जे फळ मुबलक तिथे लोकांनी त्याचं पेय केलं. थंड देशांत सफरचंदाचा रस पिंपात आंबवून सायडर करतात. आमच्याकडे पिंप नाही, गाळणं-दाबणं नाही, झाडच रस काढून देतं आणि उष्ण हवा उरलेलं करते.

पेय म्हणून घरात ताडीला फार किंमत नव्हती. थोरले मामा सकाळी एक पेला घेत आणि शेतावर जात, एवढंच. तिचा खरा मान स्वयंपाकघरात. तळलेले फुगे ताडीवाचून होतात हे आजीला मान्यच नव्हतं. किलोभर मैदा, एका मोठ्या नारळाचं दाट दूध, चार अंडी, मूठभर साखर, मीठ आणि भिजवायला लागेल तेवढी सकाळची ताडी. पीठ घट्ट मळायचं नाही, सैल ठेवून हाताने फेटायचं, इतकं की त्यातून बुडबुडे फुटल्याचा आवाज यावा. मग झाकून उबेला ठेवायचं. दुपटीने वर आलं की कढईत तेल तापवायचं, हात पाण्याने ओला करायचा, मुठीत पीठ घेऊन अंगठा आणि तर्जनीमधून गोळा वर दाबायचा आणि तेलात सोडायचा. तो स्वतःच गोल होतो आणि उलटतोही. मामी दोन्ही हातांनी सोडायची. मांडवाच्या मागे लग्नाच्या आदल्या रात्री चुलीभोवती गावातल्या बायका बसलेल्या, फुग्यांच्या परड्या भरत चाललेल्या, त्यांची गाणी चाललेली, आणि आम्ही पोरं गरम फुगा एका हातातून दुसऱ्या हातात खेळवत पळतोय, हे चित्र आम्हा सगळ्या भावंडांना एकसारखं आठवतं. सोरपोतेलच्या मसालेदार रश्श्यात बुडवून खाल्लेल्या फुग्याची चव मी वर्णन करू धजत नाही.

शिरक्याची बरणी माळ्यावर, काळोखात. चिनी मातीची, तोंडाला फडकं बांधलेली. उरलेली ताडी त्यात जायची, जुन्या शिरक्याचा थोडा भाग तळाशी कायम ठेवलेला असायचा. वर्षाचं लोणचं, सोरपोतेल, मासळीचं आंबट, सगळं त्यावर. मे महिन्यातच बाटली मसाल्याचं कुटण असायचं, मिरच्या आणि मसाले गच्चीवर वाळायचे, घरभर खकाणा उठायचा आणि आम्हाला बाहेर पिटाळलं जायचं. बाहेर म्हणजे ताडाखाली.

ताडाखाली धाकटा मामा. घड दोराने हळू उतरवायचा, कारण उंचावरून पडला की आतले गोळे फुटतात. काळपट जांभळी, गुळगुळीत फळं. कोयत्याने वरचं टोपण छाटलं की तीन डोळे दिसतात. बहुतेक फळांत तीन गोळे, क्वचित दोन, आणि एकच निघाला तर तो कोणाचा यावर पुन्हा भांडण. डोळ्यात अंगठा घालून वळवायचा आणि गोळा अख्खा बाहेर काढायचा. फार कोवळा असेल तर तो नुसता पाण्याने भरलेला, चावताच शर्टावर सांडणारा. जून झाला तर खोबऱ्याइतका कडक आणि पोटात दुखणारा. मधला तो खरा, गोठलेल्या पाण्यासारखा, आत एक घोट दडलेला. वरची पिवळसर साल तुरट लागते म्हणून आम्ही ती सोलून टाकायचो आणि आजी रागवायची, “साल टाकू नको रे, तिच्यातच सगला गुन हाय!” टाकलेल्या साली ती गोळा करायची आणि दुपारी आमच्या पाठीवर घामोळ्यांवर चोळायची. अंगाची आग थांबायची, हे खरं.

एवढे गोळे रोज नुसते खाऊन संपत नसत. आजीचं सरबत साधं होतं. गोळे सोलून हाताने कुस्करायचे, नारळाचं पातळ दूध, किसलेला गूळ, वेलची, चिमूटभर मीठ, आणि मडक्यातलं गार पाणी. मुंबईच्या मावशीने गाईच्या दुधात सब्जा घालून त्याचं शहरी रूप केलं, तेही चांगलं लागतं. पण मिक्सरमधून मात्र ताडगोळा काढू नये, त्याचा दाताखालचा लुसलुशीतपणा गेला की उरतं ते गोड पाणी. माझं हे मत घरात सगळ्यांना मान्य नाही.

झाडावर राहिलेली फळं पावसात पिकून धप्पकन पडायची. तेव्हा आम्ही शाळेत असायचो, पण गणपतीच्या सुट्टीत आजोळी गेलो की पिकल्या ताडाचा वास दारातूनच यायचा. आत केशरी, धागेदार गर. तो खरवडून फडक्यात बांधून टांगायचा, म्हणजे कडवट पाणी निथळतं, मग तांदळाचं पीठ आणि गूळ घालून तळायचा. बंगालात जन्माष्टमीच्या सुमारास याच गराचे वडे घरोघर होतात. आमच्याकडे त्याला सण नव्हता, फळ पडलं की करायचे. उरलेल्या बाठा परसात मातीत दाबून ठेवायच्या. काही महिन्यांनी त्यांना जाड कोंब फुटून खाली जायचा. तो उपटून उकडून मिठाबरोबर खायचा, आणि बाठ फोडली की आत पांढरा, हलका, गोड गोळा. ज्याने तो खाल्लाय त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

ताडीवर मात्र सरकारची नजर जुनी आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीचं झाड परवान्याखाली आणि कराखाली आलं. आजीच्या सासऱ्यांच्या काळी सरकारी माणूस येऊन ताडीच्या झाडांवर आकडे घालून जायचा, असं घरात सांगत. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. आमच्या आईच्या लग्नात फुगे बाजारच्या यीस्टवर केले होते आणि ते नीट फुगले नाहीत, हे आजी पुढची सगळी वर्षं सांगत राहिली. त्याच काळात गांधीजींच्या आग्रहातून ताडगूळ आणि नीरा यांना खादी-ग्रामोद्योगात जागा मिळाली आणि मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर नीरेचे स्टॉल उभे राहिले. बंदी सैल झाल्यावर ताडी परतली. तिला खरा धक्का दिला तो भेसळीने. शहरांतल्या अड्ड्यांवर क्लोरल हायड्रेट घातलेली नकली ताडी विकली जाऊ लागली, माणसं दगावली, आणि झाडावरून उतरलेल्या शुद्ध ताडीचंही नाव त्याबरोबर गेलं. आजही ताडी काढायला आणि विकायला राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, आणि तो हवाच.

गाव मात्र डोळ्यांदेखत बदललं. १९८५ मध्ये मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, २००२ मध्ये महानगरपालिका. मिठागरांच्या कडेने इमारती आल्या, आठ लाखांहून अधिक माणसं इथे राहायला आली. त्यांना घरं मिळाली याचं मला वाईट वाटत नाही, आमच्यातलेच कितीजण त्या इमारतींत राहतात. उत्तन-डोंगरीचा पट्टा डोंगरामुळे आणि माणसांच्या चिकाटीमुळे बराच हिरवा राहिला. मेट्रोच्या कारशेडसाठी डोंगरीतली झाडं तोडायचा प्रस्ताव आला तेव्हा गावकरी विरोधाला उभे राहिले ते याच ओढीने. पण ताडाला धोका कुऱ्हाडीहून जास्त आहे तो रिकाम्या जागेचा. म्हातारा ताड पडतो आणि त्याच्या जागी नवा येत नाही. चढणारा माणूस मिळत नाही, म्हणून घड झाडावरच जून होतात. मालकाला वाटतं, उपयोग काय. आणि ज्या झाडाला पहिलं फळ धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात ते लावायचं कोणासाठी, असं विचारणारी माणसं आता घरात आहेत.

आजीच्या घरात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. अंगणातले ताड तिच्या सासऱ्यांनी लावलेले, त्यांनी त्यांचे गोळे फार खाल्ले नसतील. मागच्या बांधावरचे आजोबांनी लावले, ते मामांनी खाल्ले. ताड शंभर वर्षं सहज जगतो, त्यामुळे झाड लावणारा आणि खाणारा यांची भेट होतेच असं नाही. आमच्या भावंडांत कोणीही शहाणं नाही, श्रीमंत तर नाहीच, पण तीन पिढ्यांपूर्वीच्या एका माणसाने आमचे उन्हाळे ठरवून ठेवले होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

तामिळनाडूने ताड राज्यवृक्ष मानला आहे. २०२१ च्या शेती अर्थसंकल्पात तिथे ७६ लाख ताडाच्या बिया वाटायची घोषणा झाली आणि जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ताड तोडायचा नाही असं ठरलं. ओडिशाने विजा पडून होणारे मृत्यू रोखायला ताड लावायची योजना घेतली. उत्तन-गोराई-वसईच्या किनाऱ्यावर सरकारी योजनेची वाट पाहायचं कारण नाही, बी फुकट पडलेलं असतं. गेल्या काही पावसाळ्यांत आमच्या भाच्यांनी आजोळच्या बांधावर बाठा लावल्या आहेत. पंख्याच्या आकाराची पहिली पानं आली आहेत, खोड अजून जमिनीवर दिसत नाही, ते यायलाच काही वर्षं जातात.

तुमच्याकडे बांध असेल, कुंपण असेल, शाळेचं नाहीतर चर्चचं, देवळाचं मोकळं आवार असेल तर श्रावण-भाद्रपदात पिकून पडलेलं ताडफळ मिळवा. गर खाऊन बाठा धुवा आणि जिथे झाड कायमचं हवं तिथेच वीतभर खोल पुरा. पिशवीत किंवा कुंडीत लावू नका, कारण त्याचं पहिलं मूळ सरळ खाली खोल जातं आणि उपटून लावलेला ताड सहसा जगत नाही. दोन-तीन बाठा जवळजवळ नको, दहा-बारा फुटांचं अंतर ठेवा. नर निघेल की मादी हे फुलोरा येईपर्यंत कळणार नाही, म्हणून एकावर थांबू नका. पहिले दोन उन्हाळे गुरांपासून आणि वणव्यापासून जपा. पुढे तो स्वतःचं बघतो.

आणि तोवर, एप्रिल-मेमध्ये स्टेशनाबाहेर टोपली दिसली तर घासाघीस न करता डझनभर घ्या. त्या मावशीचा माणूस अजून झाडावर चढतो आहे.